मैनाबाईची बदकं आणि महाराजांचं पान

या, जरा पुढं सरकून बसा. सतरंजी मोठी आहे, दाराशी अवघडून बसायचं कारण नाही. मोबाइल खिशात ठेवा, लेकरू कुरकुरत असेल तर मांडीवर घ्या, अन् घटकाभर कान तेवढे इकडं द्या. आजच्या कथेत कीर्तन आहे, पुरणपोळी आहे, चार बदकं आहेत आणि एका म्हातारीच्या मनातली एकच एक इच्छा आहे. हसू आलं तर हसा. देवाला हसणारी माणसं चालतात.

मूर्तिजापुरात शकुंतला गाडीचे अरुंद रूळ आता गवतात तोंड लपवून पडले आहेत. त्या रुळांपाशी संपणाऱ्या गल्लीत मैनाबाई राहते. नवरा खुशालराव, तीन एकर काळी जमीन, तुरीचं अन् सोयाबीनचं पीक. मैनाबाईच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात कांदा-लसूणसुद्धा एकादशीला बाहेर जातो, मग अंड्या-मटणाचं नावच नको. अशा घरी बदकं कशी आली?

दोन वर्षांमागं ती परतवाड्याला बहिणीकडं गेली होती. परतताना बाजारात एक माणूस टोपली घेऊन बसलेला. टोपलीत चार पिल्लं, हळदीत लोळून आल्यासारखी पिवळी. मैनाबाई वाकून बघायला लागली, तसा तो म्हणाला, "घेऊन जा मावशी. जरा मोठे होऊ द्या, रस्सा मस्त होते."

मैनाबाईचा हात माळेवर गेला. जीव डोळ्यांदेखत रश्श्यात जायचा, अन् आपण जीपमध्ये बसून घरी जायचं? तिनं चारही पिल्लं पिशवीत घातली, वर टॉवेल टाकला अन् काळीपिवळीत बसली. रस्त्यात खड्डा आला की पिशवी चिवचिवायची.

"मावशी, तुमचा मोबाइल वाजून राहिला," ड्रायव्हर म्हणाला.

"वाजू दे बाप्पा," मैनाबाई म्हणाली, "घरचाच फोन हाये."

पिल्लं वाढली, पण फार नाही. जातच बुटकी. कोंबडीपेक्षा बसकी, मान आखूड, चालणं मात्र तहसीलदारासारखं. मैनाबाईनं त्यांना नावं ठेवली. पुढं चालणारा नर तो चोपदार, अन् मागच्या तीन माद्या वीणा, चिपळी आणि झांज. मूर्तिजापूर खारपाणपट्ट्यातलं. बोअरच्या पाण्यानं चहा फाटतो, डाळ शिजत नाही. ते खारं पाणी बैलांच्या जुन्या सिमेंटच्या टाक्यात सोडलं की बदकं त्यात दिवसभर डुंबायची. सकाळी अंगणातल्या गोगलगाई त्यांनी वेचायच्या, अन् दिवेलागणीला तांदळाची भिजवलेली कणी खायची.

ही कणी खायला बोलवायची मैनाबाईची तऱ्हा निराळी. ती बायकांच्या भजनी मंडळात टाळ वाजवायची. संध्याकाळी सरावाला टाळ हातात असायचाच. त्याच हातानं ती मागच्या दारात उभी राहून टाळ वाजवायची, छन छन, अन् मग लांब खळ्ळ. बदकं असतील तिथून एका रांगेत निघायची, चोपदार पुढं.

"बदकं पाळले का भजनी मंडळ?" खुशालराव विचारायचे. "मले जेवाले बोलावतं तवा तं साधी हाकबी नाही मारत."

"तुमी बिनहाकेचे येता," मैनाबाई म्हणायची.

आता तिन्ही माद्या अंडी द्यायला लागल्या. अंडं टाकायचं तर जीव टाकल्यासारखं वाटे, ठेवायचं तर घरात चालत नाही. मैनाबाईनं यावर तोड काढली. पळसाच्या पानात अंडं उचलायचं, म्हणजे हात लागत नाही. अन् मागच्या भिंतीवर ठेवायचं. भिंतीपलीकडं मागच्या गल्लीत पंचफुला राहायची. पंचफुलाचं घर बौद्ध, नवरा शेषराव रेल्वेतून निवृत्त. माळेचा तिथं प्रश्न नव्हता. ती अंडी उचलायची अन् उकडायची. आणि पहाटे धावून आलेली एक पोरगी तिच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून ती मीठ-मिरी लावून खायची.

ही पोरगी म्हणजे आचल. पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज रुळाच्या कडेनं धावायची, गोळा फेकायची. पुढच्या महिन्यात अमरावतीला तिची मैदानी परीक्षा होती. शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं होतं, अंडी खा, नाहीतर दमशील. पण आचलच्या घरी अंडं म्हणजे भूकंप. कारण तिचे आजोबा म्हणजे केशवराव, सप्ताह कमिटीचे अध्यक्ष, मैनाबाईच्या शेजारचंच घर. आचलनं गोळा दूर फेकला की केशवराव गल्लीभर सांगत फिरायचे, "घरच्या तुपाची ताकद हाये, बाप्पा. अंड्याफिंड्याची नाही."

मैनाबाई, पंचफुला अन् आचल, तिघींनाच हे ठाऊक होतं. आणि बदकांना.

आता या गल्लीची एक रीत सांगायला हवी. वर्षाला सप्ताह बसतो. काल्याच्या आदल्या संध्याकाळी जो कीर्तनकार येतो, त्याचं जेवण कुणाकडं हे कमिटी ठरवत नाही. पाळी घराघरानं सरकते. देवळापासून रुळापर्यंत, वर्षाला एक घर. याला म्हणायचं महाराजांचं पान. सगळी गल्ली फिरून आपल्या दारात पान येईपर्यंत आयुष्य निघून जातं. मागच्या खेपेला या घरी पान आलं तेव्हा मैनाबाई नवी सून होती. पुरण वाटण्यातच तिचा दिवस गेला. सासूनं वाढलं, सासूनं पाया पडून घेतलं. मैनाबाईला दाराच्या फटीतून महाराजांच्या पायाचे अंगठे तेवढे दिसले. तेव्हापासून ती या वर्षाची वाट बघत होती. आणि यंदा येणार होते बाळापूरकडचे पुंजाराम महाराज. त्यांचं कीर्तन मोबाइलवर लावून तिनं किती पोळ्या लाटल्या असतील, त्याला गणती नाही. एकदा त्या माणसाला आपल्या हातानं वाढावं, 'माय, अजून एक दे' असं त्यानं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. पुढच्या खेपेला ती नसणार, हे तिला कळत होतं.

आणि महाराज यायच्या दोन दिवस आधी केशवराव अंगणात येऊन उभे राहिले. टाक्यात चोपदार डुबकी मारून वर आला अन् त्यानं अंग झटकलं. केशवरावांच्या धोतरावर चार थेंब उडाले.

"मैनाबाई, बोलू नाही, पण बोलतो," केशवराव म्हणाले. "ज्या घरच्या आंगणात अंडं पडते, त्या घरी महाराजाचं पान मांडाव कसं?"

"आंगणात पडते भाऊ, ताटात नाही पडत."

"लोक इचारतीन."

"लोक म्हणजे तुमीच ना?"

"मी अध्यक्ष हावो," केशवराव म्हणाले. "परवाच्या कीर्तनाच्या आत बदकं कोणाले देऊन टाका. नाही तं पान पुढच्या घरी जाईन."

पुढचं घर केशवरावांचंच होतं.

मैनाबाई रात्रभर कूस बदलत राहिली, तिला झोपच लागली नाही. बदकं द्यायची तर कुणाला? जो घेईल तो पातेलं घेऊनच येईल. अन् नाही द्यावी तर पान जातं. खुशालराव म्हणाले, "एका घरी बदकं आन महाराज नको म्हणते केशव. मी तं हावोच घरी, माया कोणाले पत्ताच नाही."

सकाळी तिनं एकेक बदक उचललं अन् भिंतीवरून पंचफुलाच्या हातात दिलं.

"घे. देल्ले तुले."

"कायमचे?"

"काला होयस्तोर."

"मंग 'देल्ले' काहून म्हणतं, माई? 'ठेवाले देल्ले' म्हण."

"केशवभाऊले 'देऊन टाकले' असं सांगाचं हाये. मले खोटं बोलता येत नाही."

पंचफुलानं झांजेला काखेत धरलं. "आन हे खरं हाये का?"

"देल्ले तं हायेत. वापस घेईन का नाही, हे त्यायनं कुठी इचारलं?"

"माई, तुमच्या धर्मात पायवाटा लय हायेत व."

"तुमच्यात नाहीत?"

"हायेत ना. पण आमी त्यायले पायवाटाच म्हणतो."

दोघी भिंतीच्या दोन बाजूंना हसत बसल्या. मैनाबाईनं मग सगळं बजावून सांगितलं. कणी भिजवूनच दे. पाणी खारंच दे. चोपदार चिपळीला ढकलतो, त्याला आधी देऊ नको. न्हाणीत कोंड, दार नीट लाव. सगळं सांगितलं, फक्त टाळाचं सांगितलं नाही. जेवायच्या आधी हात धुवायचे, हे कुणी कुणाला सांगतं का? तसंच ते. तिच्या लेखी टाळ म्हणजे सांगायची गोष्टच नव्हती.

महाराजांच्या दिवशी मैनाबाई अंधारातच उठली. पुरण शिजवलं, गोळाभात केला, कढी केली, पातोडीची भाजी केली, तूप कढवलं. पाट धुऊन उन्हात वाळवला. केशवराव येऊन अंगण बघून गेले, टाक्यात वाकून बघून गेले, पाटाखालीसुद्धा बघून गेले. "देऊन टाकले ना?" त्यांनी विचारलं. "देऊन टाकले," मैनाबाई म्हणाली, अन् तिनं पुरणात वेलदोडा जरा जास्तच कुटला.

तिकडं पंचफुलाच्या न्हाणीत आदल्या दिवसापासून सत्याग्रह चालू होता. कणी भरलेलं पसरट भांडं मधोमध, भोवती चार बदकं, अन् एकाचीही चोच वाकेना. नवी जागा, नवी बाई, अन् टाळ नाही. पंचफुलानं लाडीगोडी केली, दम दिला. शेषराव म्हणाले, गाणं लावून बघ. तिनं मोबाइलवर ढोलकीचं गाणं लावलं. चोपदारानं मान डोलवली, पण खाल्लं नाही. दुसरा दिवस कलला तरी भांडं जसंच्या तसं.

दिवेलागणीला देवळापुढच्या मंडपात कीर्तन उभं राहिलं. पुंजाराम महाराज ठेंगणे, पोट सुटलेलं, डोळे मिश्कील. मैनाबाई बायकांच्या पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून. समोर टाळकऱ्यांची रांग, अन् रांगेत सगळ्यांत मोठ्या आवाजाचा टाळ केशवरावांचा, दोरीनं गळ्यात अडकवलेला. महाराज बोलत होते आणि मैनाबाईला वाटत होतं, आता थोडा वेळ, मग हा माणूस माझ्या पाटावर.

"हाक मारणारा हाक मारतोच," महाराज सांगत होते. "तो काही थकत नाही. पण ऐकणाऱ्याचं पोट भरलेलं असलं की हाक ऐकू येत नाही. हाक ऐकू येते कुणाला? भुकेल्याला! भुकेला जीव हाक ऐकली की कुंपण बघत नाही, काटा बघत नाही, लाज बघत नाही. वाजवा!"

टाळकऱ्यांनी टाळ धरला. छन छन, छन छन, खळ्ळ.

नेमकं तेव्हाच पंचफुलानं, जिवंत आहेत का बघावं म्हणून, न्हाणीचं दार उघडलं होतं.

मैनाबाईला आधी आवाज आला. टाळांच्या खालून, मृदंगाच्या बाजूनं, एक ओळखीचा खरखरीत सूर. पॅक. पॅक पॅक. तिनं मान वळवली नाही. वळवली असती तर कबुलीच झाली असती. पण मंडपातली सगळी डोकी वळली. बाप्यांच्या अन् बायांच्या मधल्या वाटेनं, चोपदार पुढं अन् तीन माद्या मागं, चार बदकं एका रांगेत येत होती. घाई होती, पण शिस्त सुटली नव्हती. ती सरळ टाळकऱ्यांपुढं जाऊन थांबली, अन् ज्याचा टाळ सगळ्यांत मोठा, त्याच्याकडं माना वर करून बघायला लागली. म्हणजे केशवरावांकडं.

"हाट!" केशवराव म्हणाले, अन् त्यांनी हात झटकला. हातात टाळ. छन!

बदकं एक पाऊल पुढं आली.

"हाट, हाट!" छन, छन!

बदकं आणखी पुढं. चोपदार त्यांच्या पायावर चढला. केशवराव मागं सरकले, टाळ वाजला. वाजला म्हणून बदकं आणखी पुढं सरकली. मागं सरकता सरकता केशवराव मृदंगाला टेकले, मृदंगवाला खांबाला टेकला, अन् खांबावरची झेंडूची माळ सुटून केशवरावांच्या गळ्यात पडली.

"टाळ थांबवा," महाराज म्हणाले. त्यांचं पोट गदगदत होतं. "अध्यक्षांचा सत्कार झालेला आहे."

टाळ थांबले. बदकं गोंधळली. इकडं तिकडं बघितलं, चिपळीनं महाराजांच्या तांब्यातलं पाणी पिऊन पाहिलं, ते गोड निघालं म्हणून सोडून दिलं. मग चौघांना आपली बाई दिसली. ती लुडबुडत आली, अन् मैनाबाईच्या नव्या लुगड्यावर, भर मंडपात, भर पहिल्या रांगेत, अंग चोरून बसली.

महाराजांनी कीर्तन कसंबसं आवरतं घेतलं. आरती झाली. अन् केशवरावांनी झेंडूची माळ गळ्यातून न काढताच माइक हातात घेतला.

"मंडळी, एक सूचना. आजचं महाराजाचं पान खुशालरावच्या घरी होतं, ते आता माया घरी राहीन. कारण तुमी समद्यायनं पायलं."

"काय पायलं?" खुशालराव बाप्यांमधून म्हणाले. "बदकं कीर्तनाले आले. माणसं तं येत नाहीत आजकाल."

"मले सांगतलं का बदकं देऊन टाकले! माळकरीण बाई!"

"देऊनच टाकले," मागून आवाज आला. पंचफुला धापा टाकत उभी होती. एका पायात चप्पल, दुसरी न्हाणीपाशीच राहिलेली. "माये होत ते."

"तुये होत, तं तिच्या मांडीवर काहून बसले?"

"माहेरी आले," पंचफुला म्हणाली.

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. केशवराव हसले नाहीत. त्यांनी खरा प्रश्न काढला. "रोजचे अंडे कुठी जातात? माळेच्या घरात अंड्याचं होते काय, हे कळू द्या ना गावाले!"

"माया पोटात जातात."

"रोजचे तीन?"

"कदी कदी चार."

"पंचफुला, चौथा नर हाये!" मैनाबाई दबक्या आवाजात म्हणाली. पण पहिली रांग माइकजवळ होती. ते वाक्य रुळापर्यंत गेलं.

"मंग तीन," पंचफुला म्हणाली. "मोजून खात नाही मी."

"शेषरावले डॉक्टरनं अंडं बंद केलं, हे गल्लीले मालूम हाये. तू एकटी रोज तीन अंडे खातं, आन आंगावर मूठभर मास नाही?"

"माया आंगाची चौकशी कमिटीत ठेवली का, भाऊ?"

आता मात्र बापे पण हसले. केशवरावांचे कान लाल झाले. मैनाबाईनं मान वर केली. तिच्या जिभेवर एक वाक्य येऊन बसलं होतं. छोटंसं वाक्य: तुमच्या नातीला विचारा. एवढं म्हटलं की केशवराव गप्प, पान आपल्या घरी, पुरण गरम आहे तोवर महाराज पाटावर. पंचफुलानं लांबून भुवया उडवल्या: सांगू का? अन् बायकांच्या तिसऱ्या रांगेत आचल बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. पोरीचा चेहरा उतरला होता. अमरावतीचं मैदान पुढच्या महिन्यात. आजोबांनी बूट माळ्यावर टाकले तर संपलं सगळं.

मैनाबाईनं ते वाक्य गिळलं.

"न्या, केशवभाऊ," ती म्हणाली. "पान तुमच्या घरी न्या. पुरण तेवढं माया घरून न्या, ताजं हाये. महाराज गरम गरम खातीन."

चोपदारानं एकदा चोच उघडली, अन् मिटली.

"आबा," आचल उभी राहिली. "अंडे मी खातो."

केशवरावांनी माइक तोंडापाशीच धरला होता. त्यांचा श्वास सगळ्या गल्लीला ऐकू आला.

"कवापासून?"

"दिवाळीपासून. पंचफुलामावशी उकडून देते. मैनाआजीनं एकबी अंडं घरात नेलं नाही. हातबी लावत नाही, पळसाच्या पानानं उचलते."

केशवरावांच्या तोंडून जे निघालं ते त्यांनाही नको होतं. "म्हणून तुया गोळा इतका दूर जाऊन राहिला?"

"हो आबा."

"तूप नाही?"

"तूपबी हाये," आचल म्हणाली. पोरगी मोठ्या मनाची.

महाराज कीर्तनात पुस्तकी बोलायचे. भूक लागली की बाळापूरचे व्हायचे. ते आता पुढं आले. "अध्यक्ष, मले लय भूक लागली. ज्या घराचा अंड्याशी संबंध, त्या घरी पान नाही, हा तुमचाच नियम ना? मंग या मायच्या घरी अंडे पडतात आन तुमच्या घरी पचतात. आता मी जाऊ कुठी? तिसरं घर सांगा."

केशवरावांनी गल्लीकडं बघितलं. गल्लीनं आपापल्या पायांकडं बघितलं. कुणाचा पोरगा होस्टेलात, कुणाची सून नोकरीला, कुणाच्या फ्रीजमध्ये मागच्या कप्प्यात काय, हे ज्याचं त्याला ठाऊक.

"घरोघरचे फ्रीज उघडून पाहाव लागतीन," खुशालराव म्हणाले. "मी टॉर्च आणतो."

"नको, नको," तीन-चार जण एकदम म्हणाले.

"महाराज," केशवराव सावकाश बोलले, "नियम मीच काढला होता."

"मंग?"

"मंग मीच मोडतो. पान मैनाबाईच्याच घरी."

"माइकवर सांगा."

"माइक चालूच हाये, महाराज."

तर मंडळी, त्या संध्याकाळी मैनाबाईच्या घरी पाट मांडला गेला. महाराज बसले, खुशालराव बसले, आचलला मैनाबाईनं हाताला धरून बसवलं, अन् पंचफुला "मी जातो, माया दुसऱ्या चपलीचा पत्ता नाही" म्हणत होती, तिलाही महाराजांच्या शेजारच्या पाटावर दाबून बसवलं. केशवराव दारात घुटमळत होते. मैनाबाईनं त्यांच्या हातात तुपाची वाटी दिली. "अध्यक्षायनं तूप वाढाव," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर भक्ती होती, पण डोळ्यांच्या कोपऱ्यात दुसरंच काही होतं.

केशवराव वाकून वाकून तूप वाढत गेले. आचलच्या ताटापाशी आले तेव्हा त्यांनी नुसता एक चमचा सोडला नाही, वाटीच तिरपी केली. "हेबी लागते ताकदीले," ते पुटपुटले. "सरायले सांग तुया."

महाराजांनी पोळी तुपात बुडवली, डोळे मिटले, अन् डोळे न उघडताच म्हणाले, "माय, अजून एक दे."

मैनाबाई पोळी वाढायला वाकली. पोळी न मोडता ताटात उतरली.

जेवता जेवता महाराजांना चौकशी सुचली. ते शेजारच्या पाटाकडं वळले. "मावशी, मी माळकरी, म्हणून फक्त इचारतो हं. बदकाचं अंडं चवीले लागते तरी कसं?"

"मले काय मालूम, महाराज?" पंचफुला कढी भुरकत म्हणाली. "मले अंड्याचा वासच सहन होत नाही. लहानपणापासून. उकडतो तवा नाकाले पदर बांधतो."

पातोडीच्या भाजीवर मैनाबाईचा डाव तसाच थांबला. दिवाळीपासून अंडी त्याच भिंतीवरून जात होती, तरी हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"मंग मंडपात काहून म्हणलं मी खातो म्हणून?" केशवराव वाटी हातात धरून उभेच होते.

"पोरगी खाली मान घालून बसली होती ना," पंचफुला म्हणाली. "तूप वाढा, भाऊ. माया पोळीवर हातच नाही उघडला तुमी."

केशवरावांनी तिच्या पोळीवर तूप सोडलं. ती पुरे म्हणेपर्यंत सोडत राहिले, अन् ती लवकर पुरे म्हणाली नाही.

उद्या देवापुढं दिवा लावाल तेव्हा आपल्या माणसांची नावं घेता ना? आई-बाप, लेकरं, परगावी गेलेली बहीण. त्यात माझ्यासाठी एक नाव जास्तीचं घ्या. मूर्तिजापूरची पंचफुलाबाई. आपला देव ती मानत नाही. त्यानं तिचं अडत नाही, आपलंही अडू नये. तिची आठवण ठेवा.